बीएस्सी बॉटनीवरून एमए इकॉनॉमिक्स: दोन वर्षं आणि मधातला एक नापास पेपर

रिझल्ट लागल्यापासून चार-पाच जणींनी विचारलं की ताई, आर्ट्सवाली नसताना इकॉनॉमिक्समध्ये एमए कसं काय केलं, फॉर्म कुठं भरला, गणित लागते का. प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगितलं जाते, म्हणून आता सगळं सुरुवातीपासून लिहूनच काढते. लांब होईल, पण मला तेव्हा असं कोणी सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

मी बीएस्सी, २०१३ ची. बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री. बारावीलाही बायोलॉजी होतं, गणित दहावीतच सुटलं. मग लग्न, मुलगा, आणि मधात नऊ वर्षं पुस्तक म्हणून हातात धरलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, सीझनपुरती कॉम्प्युटरवर बसते. भरली गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, रिकामी बाहेर आली की परत वजन घ्यायचं, वजा करून काटापट्टी काढायची, एवढं माझं काम.

मार्च २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला. हमीभाव तेव्हा लांब धाग्याला ६०२५ होता, म्हणजे किती वर गेला ते बघा. एक म्हातारे शेतकरी खिडकीशी उभे होते, त्यांनी आपला सगळा माल डिसेंबरातच विकला होता, आता शेजाऱ्याच्या गाडीसोबत आले होते. मला म्हणाले, "पोरी, तू शिकलेली हायस, सांग बरं, तवा काऊन नोता आन् आता काऊन हाये हा भाव?" मी म्हटलं बाहेरच्या देशात मागणी वाढली असंन. ते म्हणाले, "हे त टीव्हीवालाही सांगते." आणि निघून गेले. मला दोन-तीन दिवस ते लागून राहिलं. रोज भावाचे आकडे मीच टाइप करते आणि त्याच्या मागं काय चालते ते मला काहीच माहीत नाही.

मग शोधणं सुरू केलं. रेग्युलर शिकायचं तर सीयूईटी पीजी म्हणून परीक्षा असते, तिच्यातून जेएनयू, हैदराबाद अशा केंद्रीय विद्यापीठांत जाता येते आणि बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. पण दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स नाही तर आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) म्हटलं की गणित पक्कंच पाह्यजे. ज्यांचं वय आहे आणि घर सोडता येते त्यांनी हाच रस्ता आधी बघावा, मी मनापासून सांगते, वर्गात बसून शिकण्याची सर घरी बसून येत नाही. मला घर सोडता येत नव्हतं. मग राहिली मुक्त विद्यापीठं. मराठीतून करायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मी इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ घेतलं, तिथं इंग्रजी किंवा हिंदी माध्यम आहे, कोणतीही पदवी चालते आणि गॅपचं कोणी विचारत नाही. बीएस्सी इंग्रजीतून झालेलं म्हणून इंग्रजी टाकलं.

घरी सांगितलं तर मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पोस्टानं केलेली डिग्री चालते का वं कुठं?" हा प्रश्न पुढं शंभर जणांनी विचारला म्हणून सांगते, चालते. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २ सप्टेंबर २०२२ ला तसं पत्रकच काढलं की मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी ही रेग्युलरच्या बरोबरीचीच धरायची. फक्त मान्यता आहे का ते आधी बघायचं.

फॉर्म भरला २२ जुलै २०२२ ला. त्या महिन्यात आमच्याकडं अतिवृष्टी झाली होती, नाल्याला पूर, लाइन जायची ती दोन-दोन दिवस यायची नाही. तालुक्याच्या सेतू केंद्रावर तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी नेट नाही, दुसऱ्या दिवशी फोटो आणि सही मोठ्या साइझची म्हणून साइट घेत नव्हती, तिसऱ्या दिवशी नावाचा घोळ. माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. बायांनो, हे नीट वाचा. फॉर्मवर नाव डिग्रीवर आहे तसंच टाकायचं, आणि लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र जोडायचं, ते गावात ग्रामसेवकाकडं मिळते. माझं काढलेलंच नव्हतं, मग ग्रामपंचायतीत लग्नाची पत्रिका, फोटो, साक्षीदारांचे आधार असं सगळं दिलं, आठ दिवस त्यातच गेले. पुढं परीक्षेच्या हॉलवर ओळखपत्र बघतात तेव्हाही ह्याच कागदाची झेरॉक्स कामी आली. आता तर नवीन ॲडमिशनला एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा नंबर) आणि डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नंबर) दोन्ही काढावे लागतात, आणि ते आधारच्या नावावर निघतात, त्यामुळं नावाचं आधीच निस्तरून घ्या. पहिल्या वर्षाची फी सात हजाराच्या जवळपास गेली, ती मी सीझनच्या पगारातून बाजूला ठेवली होती. सेतूवाल्याचे दीडशे वेगळे.

एनरोलमेंट नंबर यायला पाच आठवडे लागले, रोज मेल उघडून बघायची. पुस्तकं नोव्हेंबरात पोस्टानं आली. तोवर वाट पाहत बसायची गरज नव्हती हे मला नंतर कळलं, इग्नूचं ई-ज्ञानकोश म्हणून आहे, त्यावर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत.

पुस्तकं उघडली आणि पहिल्या रात्रीच रडायला आलं. मायक्रोच्या (सूक्ष्म अर्थशास्त्राच्या) तिसऱ्या-चौथ्या पानापासून डी वाय बाय डी एक्स सुरू. क्वांटिटेटिव्हचं, म्हणजे गणिताच्या पेपरचं (त्यालाच आम्ही क्वांट म्हणतो) पुस्तक तर नुसतं मॅट्रिक्स आणि चिन्हं. माझ्या डोक्यात इकॉनॉमिक्स म्हणजे पंचवार्षिक योजना, गरिबी, बेरोजगारी असं होतं. ते आहे त्यात, भारतीय आर्थिक धोरण आणि वाढ-विकास ह्या पेपरांमध्ये आहे, आणि ते वाचायला मला कधी त्रास झाला नाही. पण पाया सगळा मायक्रो, मॅक्रो (स्थूल अर्थशास्त्र) आणि गणिताचा आहे. मी काय केलं, जे सोपं वाटलं ते वाचत राहिले आणि गणिताचं पुस्तक टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

तो २०२२-२३ चा सीझन आठवते का. आदल्या वर्षी मार्चमध्ये बारा हजारापर्यंत गेलेला भाव सगळ्यांच्या डोक्यात, म्हणून कोणी कापूस विकायलाच तयार नाही. घराघरात कापूस भरून ठेवलेला, पोरांच्या अंगाला खाज सुटलेली, आणि भाव साडेआठ-नऊ हजारावरून हळूहळू खाली. आमच्याही घरी सोळा क्विंटल होता. त्याच वेळी मी मॅक्रोमध्ये ॲडाप्टिव्ह एक्स्पेक्टेशन्स वाचत होते, म्हणजे माणूस उद्याचा अंदाज कालच्या अनुभवावरून बांधतो आणि चुकला की थोडा थोडा सुधारतो. कंदिलाच्या उजेडात, अंगाशी कापसाचा ढीग, आणि पुस्तकात तेच. मी मिस्टरांना उठवून सांगितलं की मागचं वर्ष पाहून थांबू नका, मागच्या वर्षी जे कारण होतं ते यंदा नाही. ते म्हणाले, सगळा गाव थांबून राहिला ना वं. शेवटी एप्रिलमध्ये साडेसातनं विकला. मी बरोबर होते असं नाही म्हणत, मलाही भाव कळत नव्हताच, पण गावातले सगळे एकाच वेळी एकाच दिशेनं का चुकतात ते पहिल्यांदा उमजलं.

असाइनमेंटचं सांगते. प्रत्येक विषयाची एक असते, हातानं लिहून द्यायची, तिला ३० टक्के वजन आणि परीक्षेला ७० टक्के. सीझनचे दिवस, जिनिंगवरून यायला रात्रीचे आठ, मग स्वयंपाक, पोराला निजवून दहा वाजता बसायची. जानेवारीपर्यंत सगळ्या लिहून काढल्या आणि फेब्रुवारीत स्टडी सेंटरवर घेऊन गेले, तर तिथल्या दादांनी पहिलं पान बघितलं आणि म्हणाले, मॅडम हे मागच्या सेशनचे प्रश्न आहेत. प्रश्न दर सेशनला बदलतात हे मला माहीतच नव्हतं, मी सर्च केल्यावर जी पीडीएफ पहिली आली ती उतरवली होती. शंभराच्या वर पानं. बसस्टॉपवर बसून राहिले, बस आली आणि गेली तरी उठले नाही. मग सगळ्या परत लिहिल्या, मार्चच्या शेवटी दिल्या. तर पीडीएफवर स्वतःचं सेशन लिहिलेलं आहे का ते आधी बघा, जुलैला ॲडमिशन असेल तर साधारण ३१ मार्चची मुदत असते, वाढते कधी कधी, पण वाढेल म्हणून बसू नका, आणि जमा केल्याची पावती सही-शिक्क्यासहित घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

एक मात्र झालं, दुसऱ्यांदा लिहिताना विषय पक्का झाला.

परीक्षा जून २०२३ मध्ये. पेपरमागे २०० रुपये फी. पेपर १०० मार्कांचा, वीस-वीसचे दोन मोठे प्रश्न आणि बारा-बाराचे पाच, तीन तास. सेंटर आमच्या गावापासून ५८ किलोमीटर. मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्याचा मला फार आधार झाला. दुपारचा पेपर पाचला सुटला की सहाची बस, ती हुकली तर मुक्कामच. त्या वर्षी पाऊस महिना संपत आला तरी आला नव्हता, सगळे आभाळाकडं पाहत बसलेले, बियाण्याची पाकिटं घरात आणि उन्हाचा ताव असा की पेन हातातून घसरायचा. पाण्याची बाटली, लिंबू, रुमाल आणि दोन पेनं न्यायची. घड्याळ हातातलं साधं न्या, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो.

क्वांटचा पेपर हातात आला आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं की गेलं. तरी तीन तास बसले, जे येते ते लिहिलं. रिझल्ट ऑगस्टमध्ये, बाकी सगळे निघाले, क्वांट ३१. पास व्हायला असाइनमेंटमध्ये ४० आणि पेपरमध्येही ४०, दोन्हीकडं वेगळे वेगळे लागतात, एकीकडचे दुसरीकडं चालत नाहीत. मी घरी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. एकतीस वर्षांची बाई नापास झाली हे कसं सांगायचं.

शेजारची पोर बारावी सायन्सला होती. ती एकदा दळण घेऊन जाताना आली, माझं पुस्तक पाहून म्हणाली, "ताई, हे त आमच्याच पुस्तकात हाये, सोपं हाये." तिनं मला डेरिव्हेटिव्ह शिकवलं. तिची पद्धत मी विसरणार नाही. म्हणे, खताची पहिली थैली टाकली तर कापूस किती वाढला, दुसरी टाकली तर आणखी किती वाढला, तो जो 'आणखी' आहे ना, तेच डेरिव्हेटिव्ह. मिस्टर बाजूलाच बसून दोरी वळत होते, ते म्हणाले, "तिसऱ्या थैलीनं काई होत नाई, पऱ्हाटी माजते नुसती, बोंडं लागत नाईत." मी वही बाजूला ठेवली. मार्जिनल प्रॉडक्ट, घटत्या फलाचा नियम, ते कधी शून्य होते आणि कधी उणे होते, हे सगळं ह्या दोघांनी मिळून पाच मिनिटांत सांगितलं होतं, आणि मी आठ महिने चिन्हांना घाबरून बसले होते.

त्यानंतर मी एमएची पुस्तकं सरळ बंद केली आणि बालभारतीची अकरावी-बारावीची कॉमर्सची गणिताची पुस्तकं घेतली, ती ई-बालभारतीवर फुकट आहेत, मराठीतूनही आहेत. फलन, अवकलन (तेच डेरिव्हेटिव्ह), मॅट्रिक्स, मग संभाव्यता. सप्टेंबर ते नोव्हेंबर, रोज पहाटे साडेचार ते सहा, रोज दहा गणितं, वहीवर, बघून नाही. लॅग्रांज नावाची गणिताची रीत आली तेव्हा ती मला बजेटसारखी वाटली, पैसा एवढाच आहे आणि त्यात जास्तीत जास्त समाधान कसं बसवायचं, हे तर आम्ही दर बाजाराच्या दिवशी करतो. जो कोणी सायन्स-बायोलॉजी, आर्ट्स, कुठूनही येत असेल त्यांना माझं एकच सांगणं आहे, फॉर्म भरायच्या आधी तीन महिने हे करा. इकॉनॉमिक्स नंतर येते, कोणालाही येते. गणित आधी.

मधात जुलै २०२३ ला दुसऱ्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन केलं, तेव्हाही जिल्ह्यात पूर होता, ह्या वेळी मोबाइलवरूनच घरी बसून भरलं. री-रजिस्ट्रेशन आपोआप होत नाही, नापास विषय असला तरी पुढच्या वर्षाचं भरता येते, हे लक्षात ठेवा.

क्वांट परत दिला डिसेंबर २०२३ ला, ऐन सीझनमध्ये. जिनिंगच्या मालकांना एका दिवसाची सुट्टी मागितली तर म्हणाले, गाड्यांची लाइन रोडपर्यंत आहे ना ताई. मी माझ्या भाच्याला काटापट्टी काढायला आठवडाभर आधीच शिकवून ठेवलं होतं, त्याला बसवलं आणि गेले. ह्या वेळी पेपर वाचून छातीत धडधडलं नाही. ५४ आले.

दुसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय व्यापार, सार्वजनिक अर्थशास्त्र, पर्यावरण, संशोधन पद्धती असं होतं. अभ्यासाची जागाही बदलली. घरी होत नव्हता म्हणून गावातल्या समाजमंदिराच्या अभ्यासिकेत जायला लागले, तिथं पोलीस भरतीवाली पोरं बसतात. तिथल्या कपाटात शासनानं छापलेले बाबासाहेबांचे ग्रंथ आहेत. बाबासाहेबांनी कोलंबियातून १९१५ ला इकॉनॉमिक्समध्येच एमए केलं हे माहीत होतं, पण त्यांचं अर्थशास्त्र मी कधी वाचलं नव्हतं. १९१८ चा त्यांचा लहान शेतीवरचा लेख आहे. त्यात म्हणणं असं की शेत लहान की मोठं हा मूळ प्रश्नच नाही, त्या शेतात भांडवल, अवजारं किती आहेत आणि किती माणसं त्यावर नुसती लटकून आहेत हा प्रश्न आहे, आणि ती जास्तीची माणसं उद्योगात गेल्याशिवाय शेती सुधारणार नाही. आमच्या पुस्तकात शेतीतल्या जास्तीच्या मजुरांचं आर्थर लुईसचं मॉडेल आहे, ते १९५४ चं. मी दोन्ही समोरासमोर ठेवून वाचले, उत्तरपत्रिकेतही दोन्ही लिहिले. पण एक प्रश्न मला अजून सुटला नाही, पुस्तक म्हणते गावात माणसं जास्त आहेत, आणि आमच्याकडं नोव्हेंबरात वेचणीला किलोला दहा रुपये देऊनही बाया मिळत नाहीत. वर्षाचे चार महिने टंचाई आणि आठ महिने रिकामे हात, हे एका आकड्यात कसं बसवायचं.

आणि मामाजी. मोनॉप्सनी म्हणजे बाजारात विकणारे हजार आणि घेणारा एकच. मी मोठ्यानं वाचत होते तर ते म्हणाले, "म्हंजे आमचा एकाधिकार." १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती, कापूस पणन महासंघालाच द्यायचा, व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. ते मग रात्री अकरापर्यंत सांगत होते, चुकारा कसा हप्त्यानं यायचा, बोनस कधी मिळायचा, सेंटरवर बंड्या (बैलगाड्या) घेऊन तीन-तीन दिवस मुक्काम कसा करायचे, आणि पलीकडं भाव जास्त असला की रात्री पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडं कापूस कसा जायचा. मी विचारलं, मामाजी, पुस्तकात तर एकच घेणारा असला की तो भाव पाडतो असं आहे. ते थोडं थांबून म्हणाले, "पाडतही होता आन् सांभाळतही होता. व्यापारी पडलेल्या सालात हात वर करते, महासंघ घेत तरी होता." मी दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, पुस्तकातला एकटा खरेदीदार नफा वाढवायला बघतो, इथं तो सरकार आहे, त्याचं उद्दिष्टच वेगळं आहे, म्हणून निकालही वेगळा. बाकी सगळ्या अभ्यासात मला सगळ्यात जास्त समाधान त्या एका पानानं दिलं.

जून २०२४ ला दुसऱ्या वर्षाचे पेपर, ऑगस्टच्या शेवटी सगळे निघाले. एकूण ५८ टक्के. फी, परीक्षा फी, एसटी, झेरॉक्स, वह्या सगळं धरून दोन वर्षांत वीस हजाराच्या आत झालं.

पुढचं विचारतात म्हणून. नेटला (प्राध्यापक व्हायला लागते त्या परीक्षेला) एमएत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०, मी आता तोच अभ्यास करून राहिले. ज्यांचं वय कमी आहे त्यांनी इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस बघा, यूपीएससी घेते, इकॉनॉमिक्स किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते आणि खुल्या वर्गाला ३० वयापर्यंतच बसता येते, मला हे खूप उशिरा कळलं. कॉलेजात किंवा ज्युनिअरला शिकवायचं असलं तर जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा, पदवीलाही तोच विषय मागितला आहे का ते आधी बघा, मग फॉर्मचे पैसे भरा.

नोव्हेंबर २०२४ ला परत जिनिंगवर बसले. हमीभाव ७५२१, तो आठ टक्के ओलाव्याला, बारापर्यंत कटून घेतात, त्याच्या वर नाही. तेच म्हातारे आले होते, ह्या वेळी स्वतःची गाडी घेऊन. त्यांच्या कापसाचा ओलावा अकरा निघाला. मी त्यांना खुर्ची दिली आणि कागदावर मांडून दाखवलं, किती कटते, चार दिवस वाळवला तर वजन किती घटंल आणि भाव किती वाढंल. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि गाडी परत फिरवली.

माझी पुस्तकं मी अभ्यासिकेत ठेवली आहेत. मायक्रो आणि मॅक्रो बाजूच्या गावची एक बीकॉम झालेली पोर घेऊन गेली. क्वांटचं तिथंच आहे, त्याच्या समासात त्या बारावीच्या पोरीच्या अक्षरात सगळं मराठीत समजावलेलं आहे, ज्यांना पाह्यजे त्यांनी रजिस्टरवर नाव लिहून न्यावं.